कॅफेचे फोटो छापलेत, आता कॉफी कधी भाजली तेही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुंबई-ठाण्यातल्या नव्या कॅफेंवर चांगली दोन पानं आली. फोटो झकास होते, दुधावरची नक्षी, लाकडी टेबलं, कुठे कुत्रा घेऊन जाता येतं, कुठे वायफाय फुकट आहे, सगळं आलं, फक्त कॉफी राहिली. ती भाजतं कोण, कुठे, कधी, आणि ज्या माणसाला तीनशे रुपयांचा कप नकोय, घरीच नीट करून प्यायचीय त्याने बिया आणायच्या कुठून, यावर एक ओळ नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा पण तारखेचा भाग तेवढा ठेवा.

तारखेचं असं आहे की आपण वाण्याकडून नाहीतर मॉलमधून जे पाकीट उचलतो त्यावर बनवल्याची किंवा पॅकिंगची तारीख असते, कायद्याने ती द्यावीच लागते, आणि पुढे किती दिवस चालेल तेही असतं, बहुतेक वेळा वर्षभर. पण आतली बी भाजली कधी हे शोधून सापडत नाही. आणि कॉफीत जे काही चांगलं असतं, तो वास, तो गोडवा, ती किंचित आंबटसर चव, ते सगळं भाजल्या दिवसापासून उडायला लागतं, पाकिटात भरल्या दिवसापासून नाही. भाजलेला माल गोदामात पडून राहिला आणि आज पाकिटात भरला तरी पॅकिंगची तारीख आजचीच छापली जाणार, खोटंही नाही आणि उपयोगही नाही. वर्षभर टिकेल याचा अर्थ एवढाच की वर्षभरात खराब होणार नाही, कोणी आजारी पडणार नाही. चवीची हमी त्यात कोणीच दिलेली नसते.

थालीपिठाची भाजणी गिरणीतून आली की घरभर वास सुटतो, आणि तीच भाजणी पुढच्या वर्षी डब्याच्या तळाशी सापडली तर आपण हुंगतो, नाक मुरडतो आणि बाजूला ठेवतो. कॉफीला मात्र हा न्याय कोणी लावत नाही. कारण शिळ्या कॉफीचीच चव आपल्याला कॉफीची चव वाटते, कडू आणि करपट, मग त्यावर दोन चमचे साखर आणि भरपूर दूध. आपल्या घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वरून जायफळ किसलेली, ती मलाही आवडते, पाहुणे आले की तीच होते. पण ताजी कॉफी घरात यायला लागल्यापासून मला दाट शंका आहे की जायफळ आलं ते चव वाढवायला नाही, लपवायला.

ताजी आहे की नाही हे घरच्या घरी कळतं. बी भाजताना तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि भाजल्यावर तो कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो, चांगल्या पाकिटांना समोरून ते छोटं भोक असतं ना, ज्यातून दाबलं की वास येतो, ती त्याचसाठीची एकेरी झडप, गॅस बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. तर करायचं काय, पूड फिल्टर पेपरवर किंवा फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात, घ्यायची आणि उकळून मिनिटभर थांबलेलं पाणी थोडंसंच सोडायचं, पूड भिजेल एवढंच. ताजी असेल तर पूड फुगून वर येते, मधे तडा जातो, बुडबुडे फुटतात, परत फुगते, अर्धा मिनिट हे चालतं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात वास पसरतो. जुनी असेल तर पाणी निमूटपणे खाली जातं, पूड ओली होते आणि बसते तिथेच. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा, मला अजून काही सांगावं लागणार नाही.

आता ताजी म्हणजे आज भाजली आणि आजच प्यायली असंही नाही हं. अगदी गरमागरम भाजलेल्या बीत गॅस इतका असतो की पाणी नीट आत जातच नाही आणि चव विचित्र लागते. साधारण चार-पाच दिवस ते आठवडा थांबायचं, फिकट भाजलेली असेल तर अजून थोडं जास्त, मग तिथून पुढे महिना-दीड महिना मजा. हे बियांचं. दळलेल्या पुडीचं घड्याळ फार जोरात पळतं, पहिल्या काही दिवसांतच अर्धा वास गेलेला असतो. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते की फक्त ताजी नाही, बिया घ्या, अख्ख्या.

आमच्याकडे कॉफी येते माटुंग्याहून, मुलुंडला राहत असलो तरी, सासूबाईंच्या काळापासूनची रीत. माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरून मार्केटकडे चालायला लागलं की गजरे, केळीची पानं, भाजीवाले यांच्या गर्दीतून कॉफी दळल्याचा वास येतोच, दुकान दिसायच्या आधी. काउंटरवर आपण सांगायचं की प्लँटेशन ए आणि पीबेरी (ही बियांच्या प्रतींची नावं) अर्धी-अर्धी, ८०-२०, फिल्टरसाठी. म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी. माणूस न बोलता तोलतो, मशीनच्या तोंडात ओततो, खाली पिशवी धरतो, पिशवी हातात येते तेव्हा कोमट असते आणि परतीच्या लोकलमध्ये अनोळखी बायका विचारतात की कुठली हो. हे सगळं कुठल्याही नव्या कॅफेच्या आधीपासून चालू आहे, बियांची नावं विचारून, मिश्रण सांगून, समोर दळून घेणं. नव्या लोकांना वाटतं त्यांनीच हे शोधून काढलं.

पण या दुकानांतही एक प्रश्न विचारायचा असतो, जो कोणी विचारत नाही: भाजली कधी? दळली आत्ता हे दिसतंय, भाजली कधी? चांगल्या दुकानात उत्तर लगेच येतं, काल, सोमवारी, आज सकाळची आहे पण अजून गार व्हायचीय. "ताजीच आहे मॅडम" हे उत्तर नाही. हे ऐकलं की मी शंभर ग्रॅमच घेते आणि घरी वर सांगितलं तसं पाणी सोडून बघते. अजून एक, मशीनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाची पूड थोडीफार अडकलेली असतेच, त्या पुडीची जात वेगळी, जाडी वेगळी, म्हणून मूठभर बिया आधी दळून बाजूला काढा असं सांगायचं, ओळखीचं दुकान असेल तर काढतात, नसेल तर तुमच्याकडे बघतात, बघू द्या.

चिकोरीबद्दल माझं काही वाईट मत नाही. ती एक मुळी आहे, भाजून पूड करतात, कॅफीन नसतं, डिकॉक्शन दाट आणि काळंभोर होतं, दुधाच्या कॉफीला चांगली लागते. फक्त ती कॉफीच्या भावाने विकत घेऊ नये. कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि दोन्हीचे टक्के पाकिटावर लिहायला हवेत असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, म्हणजे उलट बाजूने वाचलं तर ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी बिनदिक्कत चालते. पुढच्या बाजूला वाफाळता कप आणि सोनेरी अक्षरं, टक्के मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात. चष्मा लावा आणि वाचा. सुट्या मालात तर छापील काही नसतंच, तिथे दुकानदाराच्या शब्दावर सगळं.

आता नवे रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारे. गेल्या दहा-बारा वर्षांत ही मंडळी उभी राहिली, ब्लू टोकाय २०१३ ला दिल्लीत सुरू झाली आणि आता मुंबईतही भाजते, सुबको मुंबईचीच, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन आहे, आणि नाव नसलेले, घरातल्या एका खोलीत नाहीतर इंडस्ट्रियल गाळ्यात एक-दोन किलोच्या मशीनवर भाजणारे तर प्रत्येक शहरात निघालेत. यांच्या पाकिटावर मळ्याचं नाव, कॉफीची जात, मळा किती उंचीवर, बी धुऊन वाळवली की फळासकट, आणि मुख्य म्हणजे रोस्ट डेट, भाजल्याची तारीख, असते. निदान असायला हवी. वर चवीची वर्णनं, संत्र्याची साल, गूळ, जर्दाळू, जांभूळ. माझ्या दिराने असं एक पाकीट घेतलं आणि फोन केला की यात जांभूळ कुठाय. त्यात जांभूळ घातलेलं नसतं, तशी आठवण येते असं भाजणाऱ्याचं म्हणणं असतं, आणि खरं सांगायचं तर दहातल्या सहा वेळा मलाही येत नाही. पण फळासकट वाळवलेली आणि धुतलेली यातला फरक कोणालाही कळेल, पहिलीत फळाचा गोडसर, थोडा आंबूस वास, दुसरी स्वच्छ आणि हलकी. तेवढं कळलं तरी पाकीट निवडता येतं.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला अशाच एका गाळ्यात मी भाजताना पाहिलंय. कच्ची बी हिरवट-करडी असते आणि तिला कॉफीचा वास अजिबात नसतो. ती ड्रममध्ये गेली की आधी गवतासारखा वास, मग भाजल्या पावाचा, भाजणारा मुलगा दर मिनिटाला एक छोटी नळी बाहेर खेचून चार बिया बघायचा, हुंगायचा, परत आत. आठ-नऊ मिनिटांनी आतून तडतड सुरू झाली, तेव्हा बी साधारण १९५-२०० डिग्रीला पोचलेली असते आणि आतल्या वाफेने फुटून फुगते, ते पहिलं तडकणं. त्यानंतरचा सगळा खेळ सेकंदांचा, लवकर काढली तर फिकट आणि आंबट, उशिरा काढली तर काळी आणि कडू. त्याने झडप उघडली, बिया धडधडत खालच्या जाळीवर आल्या, फिरती पाती त्यांना ढवळत होती आणि पापुद्रे उडून आमच्या केसांत. मग तो म्हणाला की ही परवा या घ्यायला, आज देणार नाही. त्याच वाक्यावर मी त्याची गिऱ्हाईक झाले.

याच मुलाने मला भावाचं गणित समजावलं. भाजताना पाणी उडतं, एक किलो कच्च्या कॉफीचे साडेआठशे ग्रॅमच्या आसपासच उरतात, काळी भाजली तर अजून कमी. त्यात २०२४-२५ मध्ये ब्राझील-व्हिएतनाममधल्या दुष्काळामुळे जगभर कच्च्या मालाचे भाव कडाडले, २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका, कॉफीची एक मुख्य जात, तोवरच्या सगळ्यात वरच्या भावाला गेली, आणि आपला मळेवालाही जगाच्याच भावाने विकतो. त्यामुळे चांगलं पाव किलोचं पाकीट पाचशेच्या आगेमागे पडतं. लोक म्हणतात बापरे. एका कपाला पंधरा ग्रॅम धरा, पाव किलोत सोळा कप, कप पडला तीस-एकतीस रुपयांना. तुमच्या पुरवणीतल्या कॅफेत तेवढ्यात पाण्याची बाटली येते.

आणि मळ्याचं नाव पाकिटावर येणं ही वाटते तेवढी साधी गोष्ट नाही. पिढ्यान्‌पिढ्या कॉफी पिकवणाऱ्या आपल्या देशात, बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे, तिथे १९९० च्या दशकापर्यंत मळेवाल्याला स्वतःची कॉफी स्वतः विकता येत नव्हती. सगळा माल सरकारी कॉफी बोर्डाकडे जमा करायचा, तिथे सगळ्यांचा एकत्र, मग लिलाव. कोणी जीव ओतून पिकवली, कोणी कशीही तोडली, पोतं एकच. १९९२ पासून थोडीथोडी सूट मिळत गेली आणि १९९६ ला पूर्ण मोकळीक झाली. म्हणजे अमुक मळ्याची, अमुक उंचीवरची कॉफी असं काही विकत मिळायला लागून तीस वर्षंही जेमतेम झालीत, आणि त्यातलीही चांगली कॉफी बरीच वर्षं सरळ परदेशात जायची. अजूनही देशात पिकते त्यातली निम्म्याहून जास्त बाहेरच जाते. कर्नाटक आपल्या उंबरठ्यावर, कोल्हापूरहून गाडी काढली तर एका दिवसात मळ्यात पोचाल, आणि आपण पितो काय तर बरणीतली इन्स्टंट.

इथे विदर्भातले वाचक हात वर करतील, तर त्यांचंही सांगते, महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याला, मेळघाटच्या डोंगरावर, इंग्रजांच्या काळापासून. फार थोडी. फिरायला गेलात तर विचारून बघा, मिळाली तर आणा, पण तिलाही प्रश्न तोच, भाजली कधी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. लोकल रोस्टरकडून घ्या असं हल्ली सगळे सांगतात, मीही सांगते, पण लोकल हा काही गुण नाही. माझ्याच भागातल्या एका कॅफेत काउंटरच्या मागे काचेच्या खिडकीत पाकिटं मांडलेली, छान उभी, दुपारचं ऊन थेट त्यावर, आणि उलटून बघितलं तर रोस्ट डेट तीन महिन्यांपूर्वीची, भाव पूर्ण. विचारलं तर म्हणे डिस्प्लेची आहेत. मग विकायची आतून द्या, तर आत नव्हतीच. दुसरीकडे एका कंपनीकडून ऑनलाइन मागवली तर रोस्ट डेट लिहिलेली चौकट होती पण चौकटीत काहीच नव्हतं, फोन केला तर बॅच नंबर सांगा, तो सांगितला तर मेल करा, मेलला उत्तर आलं की आमची सगळी उत्पादनं ताजी असतात. याच्यापेक्षा चिकमगळूरहून कुरिअरने तिसऱ्या दिवशी आलेलं, तारखेचा शिक्का मारलेलं पाकीट मला शंभरदा चालेल. शहरात भाजणाऱ्याचा फायदा वेगळा आहे, तो म्हणजे तुम्ही जाऊन उभे राहू शकता. वास घेऊ शकता, चव घेऊन बघू शकता, मागच्या वेळची जास्त कडू झाली होती असं तोंडावर सांगू शकता आणि तो पुढच्या वेळी जरा आधी काढतो. पण हे तेव्हाच, जेव्हा तुम्ही जाता आणि विचारता. घरबसल्या ॲपवरून मागवायची असेल तर लोकल काय आणि बंगळुरू काय.

शोधायचा कसा? सगळ्यात सोपं म्हणजे ज्या कॅफेत कॉफी आवडली तिथेच विचारायचं की बिया कोणाच्या. चांगला कॅफेवाला अभिमानाने सांगतो, भाजणाऱ्याचा नंबर पण देतो. लपवतो तो का लपवतो हे त्याचं त्याला माहीत. छोट्या रोस्टरांचे व्हॉट्सॲपवर ग्रुप असतात, शनिवारपर्यंत ऑर्डर, मंगळवारी भाजणार, गुरुवारी घ्या, हे मला सगळ्यात आवडतं कारण यात माल पडून राहतच नाही. अन्नसुरक्षेचा परवाना नंबर पाकिटावर आहे का तेवढं बघा, घरगुती असला तरी तो लागतो. पहिल्यांदा शंभर ग्रॅम मागा, नाही म्हणाला तर एका मैत्रिणीबरोबर पाव किलोत भागीदारी करा. आणि बीवर तेल दिसलं की शिळी असं लगेच म्हणू नका, गडद भाजलेल्या बीवर तेल येतंच, माटुंग्याची बरीचशी कॉफी तशी चकचकीत असते आणि ताजी असते. फिकट भाजलेली बी तेलकट दिसली तर मात्र शंका घ्या.

पीबेरीचं एक कौतुक उगाच फार आहे, तेही सांगून टाकते. फळात दोन बियांऐवजी एकच गोल बी झाली की ती पीबेरी, निवडून वेगळी काढतात म्हणून महाग. दिसते सुरेख. पण पीबेरी म्हणून डोळे मिटून जास्त पैसे देऊ नका, ताजी साधी प्लँटेशन ए शिळ्या पीबेरीला सहज मागे टाकते. तसंच अरेबिकाच चांगली आणि रोबस्टा, ही दुसरी मुख्य जात, भिकार हेही खरं नाही, आपल्याकडे पिकते त्यातली जास्त रोबस्टाच आहे आणि नीट पिकवलेली, धुतलेली रोबस्टा दुधाच्या कॉफीत अरेबिकापेक्षा उठून लागते. फक्त कॅफीन जवळजवळ दुप्पट, संध्याकाळी सातनंतर प्यायलात तर मला दोष देऊ नका.

घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका एवढं हात जोडून सांगते. बाहेर काढली की दव धरतं आणि कांद्या-लसणाचा वास कॉफी आनंदाने पिते. घट्ट झाकणाचा डबा, गॅसपासून लांब, कपाटात. मुंबईच्या पावसाळ्यात तर झाकण उघडं राहिलं की संपलं, जून ते सप्टेंबर मी एका वेळी पाव किलोच्या वर आणतच नाही. (मलबारच्या किनाऱ्यावर मुद्दाम कच्ची कॉफी पावसाळी हवेत आठवडेच्या आठवडे पसरून फुगवतात आणि ती मॉन्सून्ड मलबार म्हणून महाग विकली जाते, पण ती कच्ची असते, भाजलेलीला हा प्रयोग करू नका.) दळायला मिक्सर चालतो असं लोक म्हणतात, चालतो, पण अर्धी पूड पिठासारखी आणि अर्धी रव्यासारखी होते आणि चव दोन्हीकडून बिघडते. हाताने फिरवायचा बरा ग्राइंडर दोन-तीन हजारांत मिळतो, घरात रोज कॉफी होत असेल तर भारी मशीन घ्यायच्या आधी हा घ्या. तो नसेल तर दुकानातच दळून घ्या पण आठवड्याला पुरेल एवढीच, आणि कशात करणार ते सांगून, स्टीलच्या फिल्टरची पूड वेगळी, फ्रेंच प्रेसची जाड, मोका पॉटची, म्हणजे गॅसवर ठेवायच्या छोट्या कॉफीच्या किटलीची, बारीक. "कॉफीसाठी दळा" म्हटलं की ते त्यांच्या मनाने दळतात.

भाजणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना माझं मागणं एवढंच आहे की तारीख समोर छापा, मोठी, मागे नको. शंभर ग्रॅमची पाकिटं ठेवा. दोन महिने उलटलेला माल असेल तर कमी भावाने विका आणि तसं लिहा, आमच्यासारख्या बायका दुधाच्या कॉफीला हसत नेतील. सुटी विकणाऱ्या जुन्या दुकानांनी भावाच्या पाटीवर खडूने भाजल्याचा वार लिहिला तर त्यांचं काय जाणार आहे, उलट गर्दी वाढेल. कायद्याने सक्ती व्हावी असं मला वाटत नाही, सक्ती झाली की परत मुंगीएवढ्या अक्षरात कुठेतरी येईल. गिऱ्हाईक रोज विचारायला लागलं तर आपोआप छापतील.

आणि तुम्हाला, संपादक महोदय, पुढच्या वेळी कॅफेंची यादी छापाल तेव्हा एक रकाना वाढवा. वायफायच्या शेजारी चालेल. कॉफी कोण भाजतं, कुठल्या वारी भाजतं, बिया सुट्या मिळतात का आणि कमीत कमी किती. माटुंग्याची जुनी दुकानं त्या यादीत घ्या, ती कॅफे नाहीत आणि तिथे बसायला खुर्ची नाही तरी. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या आवृत्त्यांनी आपापल्या गावच्या भाजणाऱ्यांची माहिती वाचकांकडूनच मागवली तर महिनाभरात यादी तयार होईल. ठाणे-मुलुंडची मी पाठवते, तारखा बघून.

आपली,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई